फरशी दिसते, कोबा दिसत नाही

(सामुदायिक रेडिओवर सांगितलेल्या माहितीचे लेखी रूप)

कांद्याचे नाहीतर द्राक्षाचे पैसे हातात आले, घरात लग्न ठरलं किंवा दिवाळी जवळ आली, की गटाच्या बैठकीत कर्जाचा एक अर्ज हमखास येतो. कारणाच्या रकान्यात लिहिलेलं असतं, ‘घराला टाइल्स बसवणे’. अर्ज मंजूर होतो, गुजरातेतल्या मोरबीहून आलेली खोकी दारात उतरतात आणि सगळं घर रंग निवडण्यात गुंतून जातं. पांढरी घ्यायची की बदामी, चकचकीत की खरबरीत, यावर चार दिवस बोलणं चालतं. पण ज्या कोब्यावर ती फरशी बसणार, त्याच्याकडे कुणी वाकूनही बघत नाही.

आज मी त्या कोब्याबद्दल बोलणार आहे. फरशी टिकणार की उठणार, हे दुकानात ठरत नाही, ते खालच्या थरात ठरतं. आणि वर टाइल्स बसल्या की खालचं काहीच दिसत नाही. तपासायचं ते आधी.

आपला नेहमीचा हिशेब घेऊ. समजा एका ताईंनी गटातून ३०,००० रुपये घेतले, दर महिना शेकडा २ रुपये. पहिल्या महिन्याचं व्याजच ६०० रुपये. वर्षाच्या आत फरशी पोकळ वाजायला लागली आणि उठली, तर कर्ज तसंच राहतं. वर फोडायची मजुरी, मलबा उचलायचा खर्च आणि नवी खोकी. उखडताना टाइल्स बहुतेक फुटतात, पुन्हा कामाला येत नाहीत. म्हणजे एकाच जमिनीला दोनदा पैसे.

फरशीच्या खाली काय काय असतं

आपल्या आज्या घरात नवी जमीन कशी करायच्या ते आठवा. माती-मुरूम टाकायचा, पाणी शिंपडायचं, चोपण्याने चोपून चोपून घट्ट करायचं आणि मग शेणाने सारवायचं. चोपणं कमी पडलं की जमीन खचायची. धुळीवर तसंच सारवलं की पोपडा सुटायचा. टाइल्सचंही असंच आहे. साहित्य बदललं, नियम तोच राहिला.

खालून वर असे थर येतात. सर्वांत खाली जोत्यातला भराव. हा मुरमाचाच हवा. एकदम सगळा ओतायचा नाही. साधारण अर्ध्या फुटाचा थर टाकायचा, पाणी मारायचं, धुम्मसाने ठोकायचा, मग पुढचा थर. त्यावर डबराचं सोलिंग, दगड उभे लावून मधल्या फटी बारीक दगड-मुरमाने भरलेलं. त्यावर साधारण ४ इंच काँक्रीट, म्हणजे सिमेंट १ भाग, वाळू ४ भाग, खडी ८ भाग. आणि त्यावर पातळी आणण्यासाठी दीड-दोन इंचांचा सिमेंट-वाळूचा कोबा. काही गावांत काँक्रीट आणि वरचा थर दोन्ही मिळून कोबाच म्हणतात. शब्दावर अडू नका, थर आहेत की नाहीत ते बघा.

आपल्या जिल्ह्यात माती एकसारखी नाही. निफाड-येवल्याकडे काळी जमीन आहे. काळी माती पावसात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिला भेगा पडतात. शेतात हात जाईल एवढ्या भेगा आपण दरवर्षी बघतो. पायाची खोदलेली तीच माती जोत्यात परत भरली, तर वरचा कोबा दर वर्षी वर-खाली होणार, आणि त्यावरची फरशी तडकणार. म्हणून खोदलेली काळी माती शेतात टाका, जोत्यात नको. इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाण्याकडे पाऊस जास्त. तिथे खालून येणारी ओल हा मोठा प्रश्न. अशा ठिकाणी काँक्रीटच्या खाली जाड प्लास्टिकचा कागद अंथरून घ्यावा. अंगण जोत्यापेक्षा खाली असावं आणि गोठ्याचं किंवा मोरीचं पाणी भिंतीपाशी साचू देऊ नये.

कोबा करताना

कोब्याच्या मालाचं प्रमाण सिमेंट १, वाळू ४ असं धरा. ज्या घमेल्याने सिमेंट मोजलं त्याच घमेल्याने वाळू मोजायची. अंदाजाने फावड्यावर नाही. १० बाय १२ फुटांच्या खोलीला दोन इंचांच्या कोब्यासाठी साधारण साडेचार गोण्या सिमेंट आणि पाव ब्रासपेक्षा थोडी कमी वाळू लागते. प्रमाण पातळ करून आठाला एक केलं, तर जेमतेम दोन गोण्या वाचतात. त्या दोन गोण्यांसाठी सगळी खोली धोक्यात घालायची का, ते तुम्हीच ठरवा.

वाळू नदीची असो वा क्रशरची, तिच्यात माती-भुकटी जास्त नको. घरी तपासता येतं. काचेच्या उभ्या बाटलीत अर्ध्यापर्यंत वाळू भरा, पाणी घाला, चिमूटभर मीठ टाका, जोरात हलवा आणि तीन तास ठेवून द्या. वाळू खाली बसते, गाळ तिच्यावर थर धरतो. वाळू १२ बोटं असेल आणि गाळ एका बोटापेक्षा जास्त असेल, तर ती वाळू धुऊन घ्या किंवा परत पाठवा.

पाणी किती घालायचं? कालवलेला माल मुठीत दाबा. लाडू वळला पाहिजे, पण बोटांतून पाणी गळता कामा नये. पाणी जास्त झालं की माल पसरायला सोपा जातो, म्हणून मजूर घालतात. पण ते जास्तीचं पाणी उडून गेल्यावर कोबा आकसतो, तडकतो, आणि वर दुधाळ पापुद्रा येतो. त्या पापुद्र्याला काहीच धरत नाही.

खालचं काँक्रीट झाडून, धुऊन, ओलसर करून त्यावर सिमेंटचं घट्ट पाणी मारायचं आणि ते ओलं असतानाच कोबा टाकायचा. शेवटी कोबा थापीने आरशासारखा घोटू नका, रंध्याने खरबरीत ठेवा. घोटलेला कोबा राहायला छान, पण टाइल्स बसवायच्या असतील तर तो उलट त्रास देतो.

पाणी मारणं आणि वाट बघणं

कोबा दुसऱ्या दिवशी कडक लागतो, म्हणून काम झालं असं नाही. सिमेंट पाण्याशी एकजीव होऊन ताकद धरतं, त्याला दिवस लागतात. आपल्याकडे बहुतेक गोण्यांवर पी.पी.सी. लिहिलेलं असतं. त्या सिमेंटला किमान १० दिवस ओल हवी. बारीक मातीच्या पाळीने आळी करून पाणी भरा किंवा ओली पोती टाका. मालेगावकडच्या उन्हात एप्रिल-मे महिन्यात दिवसातून एकदा पाणी मारून भागत नाही, पोती कोरडी पडता कामा नयेत. हे काम शेवटी घरच्या बाईकडेच येतं, आणि ते कुठल्याही मजुरीइतकंच महत्त्वाचं आहे.

मग वाळू द्या. वाळताना कोबा आकसतो, ते आकसणं आधी होऊन जाऊ द्यायचं. निदान २८ दिवस थांबा. टाइल्स चिकटवायच्या पावडरीने, म्हणजे मिस्त्री ज्याला नुसतं ‘केमिकल’ म्हणतात त्याने बसवायच्या असतील, तर साधा नियम असा की कोब्याच्या दर मिलिमीटर जाडीला एक दिवस. दोन इंच म्हणजे साधारण ५० मिलिमीटर, म्हणजे ५० दिवस, तेही कोरड्या हवेत. पावसाळ्यात हा हिशेब चालत नाही.

भराव नवा असेल तर जुनी माणसं सांगतात तेच मीही सांगेन, एक पावसाळा जाऊ द्या. जे खचायचं ते त्या पावसात खचतं, भेग पडायची ती पडते, आणि मग कोबा दुरुस्त करून वर फरशी बसवता येते.

फरशीआधीच्या सहा तपासण्या

यांना लेव्हल पाईप सोडला तर कुठलंही महागडं यंत्र लागत नाही.

पहिली, कानाने. लाकडी दांडा किंवा छोटी हातोडी घेऊन हातभर अंतरावर ठोकत जा. भरीव कोब्याचा आवाज टणक येतो. जिथे ढब-ढब वाजेल तिथे खडूने गोल करा. तेवढा भाग फोडून पुन्हा भरावा लागेल.

दुसरी, खिळ्याने. मोठ्या खिळ्याने जोर देऊन फुलीसारख्या दोन रेघा ओढा. नुसता पांढरा ओरखडा आला तर ठीक. रेघ खोल गेली, कडा ढासळल्या, वाळू मोकळी झाली, तर कोबा कच्चा आहे. कच्च्या कोब्यावर कितीही महाग केमिकल लावा, ते वरच्या वाळूलाच धरतं आणि वाळूसकट सुटतं.

तिसरी, पट्टीने. मिस्त्रीची सहा फुटी अॅल्युमिनियमची पट्टी सरळ आहे ना ते बघा आणि कोब्यावर उभी-आडवी-तिरकी ठेवा. खाली फट दिसली तर काडेपेटीची काडी घालून बघा. एक काडी जेमतेम गेली तर चालेल. एकावर एक दोन काड्या गेल्या, तर केमिकलने बसवायच्या मोठ्या टाइल्ससाठी तो कोबा सपाट नाही. उंचवटा घासून काढायचा, खळगा आधी भरून घ्यायचा. खळग्यात जास्त केमिकल भरून वेळ मारून नेणं चुकीचं. ते जाड थरात आकसतं आणि टाइल खाली ओढते.

चौथी, पाण्याने. लेव्हल पाईपमध्ये पाणी भरून, आत हवेचा बुडबुडा नाही हे बघून, सगळ्या खोल्यांच्या भिंतींवर एकाच उंचीची खूण करून घ्या. त्या खुणेपासून खाली कोब्यापर्यंत ठिकठिकाणी मोजा. खोली समपातळीत हवी. मोरीला मात्र जाळीकडे ढाळ हवा, पाच फुटांना साधारण एक इंच. ओट्याला ढाळ बाहेरच्या बाजूला. मोरीत तांब्याभर पाणी ओतून बघा. ढाळ कोब्यातच असला पाहिजे, टाइल्स वरखाली करून तो आणायचा नसतो. मोरीची जाळी बंद करून इंचभर पाणी एक दिवस साठवून ठेवा. पातळी उतरली किंवा शेजारच्या भिंतीला ओल आली, तर गळती आधी काढा.

पाचवी, प्लास्टिकने. दोन फूट लांब-रुंद जाड प्लास्टिकचा तुकडा कोब्यावर ठेवून चारही कडा चिकटपट्टीने बंद करा. २४ तासांनी उचला. आतून दव जमलं असेल किंवा खालचा कोबा काळपट दिसत असेल, तर आत ओल आहे. कोबा नवा असेल तर आणखी वाळू द्या. जुना असेल तर ओल कुठून येते ते शोधा. भिंतीला खाली लोणा लागलेला असेल, तर ती ओल जमिनीतूनच येत आहे असं समजा.

सहावी, भेगांची. केसासारखी बारीक भेग, दोन्ही बाजू समान, म्हणजे ती वाळतानाची भेग. ती छिन्नीने थोडी रुंद करून, धुऊन, १ ला ३ मालाने भरता येते. पण भेगेची एक बाजू वर आणि एक खाली असेल, तर खालचा भराव हलतोय. भेगेवर आडवी सिमेंटची पातळ पट्टी लावून तारीख लिहा. महिना-दोन महिन्यांत पट्टी तुटली, तर फरशीचा विचार सोडा, आधी भराव.

साफसफाई आणि टाचे

गिलाव्याचे पडलेले गोळे, रंगाचे डाग, चुना, तेल, ग्रीस हे सगळं खरवडून काढायचं. दुधाळ पापुद्रा तारेच्या ब्रशने घासून काढायचा. कोबा घोटलेला, गुळगुळीत असेल तर छिन्नीने जवळजवळ टाचे मारून घ्यायचे. माझ्याकडच्या एका गटातल्या ताईंच्या स्वयंपाकघरात हेच राहिलं होतं. वर्षानुवर्षं वापरलेला गुळगुळीत कोबा, चुलीपुढे तेलकट झालेला, त्यावर टाचे न मारता माल टाकला. पहिल्याच उन्हाळ्यात मधल्या चार फरश्या तंबूसारख्या उठल्या. काढून बघितलं तर माल फरशीला धरून होता आणि खालचा कोबा होता तसा स्वच्छ. दोघांची गाठच पडली नव्हती.

शेवटी झाडून, ओल्या फडक्याने धूळ टिपून घ्या. सारवायच्या आधी आपण जमीन झाडतो, पाणी शिंपडतो, तसंच. मालावर बसवणार असाल तर कोबा ओलसर करा, पण पाणी साचलेलं नको. केमिकलने बसवणार असाल तर गोणीवर लिहिल्याप्रमाणे करा.

जुन्या शहाबादीवर किंवा सारवलेल्या जमिनीवर

सारवलेल्या जमिनीवर थेट टाइल्स कधीही बसवू नका. आधी सांगितलेले थर करावेच लागतात. जुनी शहाबादी फरशी घट्ट असेल, ठोकल्यावर भरीव वाजत असेल, तर तिच्यावर टाचे मारून काम होऊ शकतं. हलणारे तुकडे आधी काढून भरायचे. पण जमीन किती उंच होणार ते मोजा. मालावर बसवली तर इंच-सव्वा इंच, कधी दीड इंच वाढते. दार घासेल, उंबरठा बुडेल, मोरीचं पाणी उलटं खोलीत येईल. दाराखाली किती जागा आहे ते आधी बघा.

टाइल्स बसवायच्या दिवशी

साध्या सिरॅमिक टाइल्स पाणी पितात, म्हणून मालावर बसवण्याआधी त्या तासभर पाण्यात भिजवतात. व्हिट्रिफाइड टाइल्स पाणी जवळजवळ पीतच नाहीत, त्यामुळे नुसत्या सिमेंटच्या पाण्याने त्यांची पकड कमजोर राहते. त्यांना आय.एस. १५४७७ हा मार्क असलेलं केमिकल चांगलं. ते पाच ठिकाणी गोळे ठेवून नाही, तर दातेरी थापीने पूर्ण पसरून लावायचं. सुरुवातीलाच एक टाइल उचलून तिची पाठ बघा. कोपऱ्यांसकट माल लागलेला हवा. दोन टाइल्समध्ये २-३ मिलिमीटर सांधा आणि भिंतीपाशी थोडी मोकळी जागा ठेवा. उन्हाने फरशी ताणली की तिला सरकायला जागा लागते. ती फट स्कर्टिंगखाली झाकली जाते.

पैसे कमी असतील तर

२०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीणमध्ये किमान २५ चौरस मीटरचं घर आणि केंद्राच्या निकषाने सपाट भागात १ लाख २० हजार रुपयांचं साहाय्य ठरलं. त्यात भिंती, छप्पर करतानाच ओढाताण होते. टाइल्सचा खर्च बहुतेक घरी पदरचा किंवा गटाच्या कर्जाचा असतो. अशा वेळी खालच्या थरांत काटकसर करून टाइल्स आणू नका. आधी कोबा पक्का करा, टाइल्स पुढच्या वर्षी.

नुसता कोबा म्हणजे अपुरं घर नव्हे. मेक्सिको देशात सरकारने ‘पिसो फिर्मे’ या योजनेतून गरीब घरांच्या मातीच्या जमिनी सिमेंटच्या करून दिल्या. अभ्यासकांनी तपासलं, तेव्हा त्या घरांतल्या लहान मुलांमध्ये जंत, जुलाब आणि रक्तक्षय कमी झालेला दिसला. तिथे टाइल्स नव्हत्या, साधं सिमेंट काँक्रीट होतं. लेकरांच्या तब्येतीला जे हवं ते चांगल्या कोब्यातच मिळतं.

बाईने तपासायचं का?

“मिस्त्रीला आपण काय विचारणार? तो म्हणेल, मला शिकवता का.” ही अडचण बायका नेहमी सांगतात. त्यांना मी किल्लारीची आठवण देते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-उस्मानाबाद भागात भूकंप झाला. नंतर घरांच्या दुरुस्ती आणि मजबुतीकरणाचं काम निघालं, तेव्हा स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकाराने गावागावांतल्या महिला मंडळांच्या बायका ‘संवाद सहायक’ झाल्या. त्या घरोघरी माहिती देत, काम नीट होतंय का ते बघत. झारखंडमध्ये तर स्वच्छ भारत अभियानात बचत गटाच्या बायकांनी थापी हातात घेऊन शौचालयं बांधली. त्यांना ‘राणी मिस्त्री’ म्हणतात. आपल्याला तर फक्त दांडा ठोकून बघायचा आहे.

विचारताना भांडणाचा सूर नको. “दादा, फरशीच्या आधी कोबा एकदा आपण दोघं मिळून बघू” एवढंच म्हणा. चांगला मिस्त्री यात राग मानत नाही, कारण उद्या फरशी उठली तर नाव त्याचंच खराब होतं. आणि मजुरीचे टप्पे सुरुवातीलाच ठरवा. कोबा तपासल्यावरच टाइल्सची उचल द्यायची.

आता वही-पेन घ्या. गटात टाइल्सचा अर्ज आला की हे प्रश्न वाचून दाखवा:

१. भराव मुरमाचा आहे का, आणि त्याने एक पावसाळा काढला आहे का?
२. कोब्याला १० दिवस पाणी आणि निदान २८ दिवस झाले का?
३. ठोकल्यावर कुठे पोकळ वाजतो का?
४. खिळ्याने वाळू सुटते का?
५. पट्टीखाली दोन काड्या जातात का?
६. मोरीचा ढाळ आणि गळती बघितली का?
७. प्लास्टिकखाली ओल आली का?
८. भेग हलती आहे का?
९. टाचे मारून, धूळ काढून झाली का?
१०. दार उघडायला जागा राहते का?

उत्तरं नीट आली, तर कर्ज आनंदाने मंजूर करा. एखादं उत्तर अडलं, तर अर्ज फेटाळू नका, आधी कोब्याच्या दुरुस्तीपुरती रक्कम द्या आणि टाइल्सची पुढच्या टप्प्यात. तेवढ्याने त्या मैत्रिणीचं घरही वाचेल आणि गटाचा पैसाही.

आपल्या गटात कुणाचं काम सुरू असेल, तर या आठवड्यात चौघीजणी मिळून जा, दांडा घेऊन कोबा वाजवून बघा.